लोड काच घेते, मग टाका कशाला?

...तर मघाशी मागच्या रांगेतून विचारलं की पवनचक्कीच्या पात्यात लोड (भार) काचेचा धागाच घेणार असेल तर ते धागे बांधणाऱ्या शिवणीच्या टाक्याचं एवढं काय कौतुक. सांगतो.

साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या बघितल्या असतील ना, अशा पात्यांमध्ये मुख्यतः काचेचे धागे आणि रेझिन, म्हणजे त्यांना चिकटवून कडक होणारं द्रव प्लास्टिक, असतं. आता धागे मागावर विणले की उभा आडव्याच्या वरून-खालून जातो, दर ठिकाणी जरासा वाकतो, आणि दाब आला की वाकलेला धागा तिथेच आधी मान टाकतो. म्हणून नॉन-क्रिम्प, म्हणजे धागा न वाकवलेलं, कापड आलं. काचेचे रोव्हिंग, म्हणजे धाग्यांच्या जुड्या, सरळ अंथरायचे, एक थर ० डिग्रीला, एक +४५ ला, एक -४५ ला, आणि वॉर्प निटिंग (उभ्या धाग्यांनी फासे घालणाऱ्या) मशीनवर बारीक पॉलिएस्टरच्या टाक्यांनी सगळं बांधून टाकायचं. झालं, काच सरळच्या सरळ.

पण इन्फ्युजन करताना, म्हणजे कोरड्या कापडात व्हॅक्युमने रेझिन ओढून घेताना, काय होतं बघा. कोरडं कापड साच्यात, वर पील प्लाय (नंतर सोलून काढायचं कापड), वर फ्लो मेश (रेझिन पसरवणारी जाळी, ती पण बऱ्याचदा निटिंगचीच असते हं), मग प्लास्टिकची बॅग, सीलंट टेप, आणि व्हॅक्युम. रेझिनला ढकलायला फार तर एक अ‍ॅटमॉस्फिअर, त्यापुढे काही नाही. फ्रेंच इंजिनिअर डार्सीने १८५६ मध्ये वाळूतून पाणी जाताना जो नियम मांडला तोच इथे लागतो, त्यामुळे लांबी दुप्पट झाली की वेळ चौपट, आणि इकडे एपॉक्सी रेझिन तर घट्ट व्हायला लागलेलं असतं. मग रेझिन पळणार कुठून, तर टाक्याने रोव्हिंगच्या मधे ज्या फटी ठेवल्या तिथून. टाका घट्ट असला की रोव्हिंगच्या जुड्या आवळल्या जातात, फटी मोठ्या होतात, रेझिन सुसाट पळतं, पण जुडीच्या आत हळूच शिरतं आणि हवा आतच अडकते. सैल ठेवला तर धागे पसरतात, फटी बुजतात, भरायला वेळ लागतो, आणि कापड उचलतानाच वाकडं होतं. मला विचाराल तर जीएसएमइतकंच (चौरस मीटरला किती ग्रॅम) टाक्याचं सेटिंगही सप्लायरला विचारलं पाहिजे, आणि ते कुणी विचारत नाही.

खरं फासे-फासे असलेलं, टी-शर्टसारखं वेफ्ट निट (आडव्या धाग्याने विणलेलं) कापड वेगळं. खोल आकारात सुरकुती न पडता बसतं, मार पण चांगला शोषतं, पण धागा सगळीकडे वळलेला, त्यामुळे ताठपणा कमी, आणि काच किंवा कार्बन सुईवर वळताना तुटतोही. पात्याच्या लोड घेणाऱ्या मुख्य पट्टीत मी ते कधीच घालणार नाही.

नवीन कापड आलं की थेट साच्यात घालू नका. जाड काचेवर पट्टी अंथरा, इन्फ्युज करा आणि खालून बघा, वर मेशमध्ये रेझिन पुढे गेलेलं दिसतं तेव्हा खाली ते किती मागे आहे ते लगेच कळतं.