पाठ करायला काय घ्यायचं?

जय ख्रिस्त मंडळी. मागे आवाज येतोय ना? बरं. पाळकसाहेबांनी विषय दिलाय बायबलमधल्या वचनांचं पाठांतर आणि वेळ दिलीये अर्धा तास, त्यामुळे पाठ कसं करायचं यावर मी फार बोलणार नाही, ते तुमच्या संडे स्कूलच्या बाई माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मला बोलायचंय त्याच्या आधीच्या गोष्टीवर, म्हणजे पाठ करायला घ्यायचं काय. कारण ही निवड आपण बहुतेक वेळा करतच नाही, ती कोणीतरी आपल्यासाठी करून ठेवलेली असते. कॅलेंडरवर जे छापलंय ते, ३१ डिसेंबरच्या रात्री भक्तीनंतर जी चिठ्ठी उचलली त्यात निघालं ते, सकाळी व्हॉट्सॲपवर गुलाबाच्या फोटोवर आलं ते. आणि ही सगळी वचनं गोड असतात. चिठ्ठीत कधी कोणाला विलापगीतातलं "तू आम्हांला विसरलास" निघालंय का? (हशा) निघणार कसं, चिठ्ठ्या बनवणाऱ्यानेच ते बाजूला ठेवलेलं असतं.

यिर्मया २९:११ घ्या. देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, ते वचन. किती जणांना पाठ आहे? बघा, किती हात वर आले. आता दहावं वचन कोणाला येतं? ...शांतता. अहो दहाव्यातच तर ७० वर्षं लिहिलीयेत! हे पत्र आहे, यरुशलेमेहून बाबेलात, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने पाठवलेलं, आणि ते ऐकणारी जी मोठी माणसं होती त्यातली बहुतेक परत घरी जाणारच नव्हती, तिथेच मरणार होती. त्यांना पाचव्या वचनापासून सांगितलंय की घरं बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्नं करा आणि ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे बारावीच्या निकालाच्या आदल्या दिवशी स्टेटसला टाकायचं वचन ते नव्हेच. पण नगर-बीडकडून पुण्याला कामाला गेलेल्या, दुबईत एका खोलीत सहा जण राहणाऱ्या आपल्या पोरांसाठी ते पूर्ण पत्र काय कामाचं आहे बघा. ४ ते १४ पाठ करा, अकराच वचनं होतात, आणि मग अकरावं वचन म्हणताना वेगळंच लागतं.

फिलिप्पैकरांस ४:१३ चं तेच. "मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे" हे जिमच्या टीशर्टवर पण असतं. त्याच्या आधीच्या दोन ओळी घ्या, पौल तिथे म्हणतो की मला भरल्या पोटी राहता येतं आणि उपाशीही राहता येतं, आणि हे तो कैदेतून लिहितोय. ११ ते १३, तीनच वचनं घ्या, विषय संपला.

आता कोणी म्हणेल, सर, वचन ते वचन, तुकडा असला म्हणून काय झालं, देवाचाच शब्द आहे की. मान्य. पण मत्तयाचा चौथा अध्याय काढा. येशूला मंदिराच्या शिरोभागी उभं करून सैतान जे म्हणतो ते काय आहे? स्तोत्र ९१, अकरावं आणि बारावं वचन. देवदूत तुला हातांवर झेलतील. त्याचं पाठांतर चांगलं होतं हो! (हशा) फक्त तो बारावर थांबला. तेराव्यात काय आहे? सिंहावर, नागावर तू पाय देशील, अजगराला तुडवशील. ते त्याला कशाला म्हणायचंय! आणि येशूची तिन्ही उत्तरं बघा, तिन्ही अनुवाद नावाच्या पुस्तकातली, एक आठव्या अध्यायातलं आणि दोन सहाव्यातली. इकडून एक तिकडून एक अशी उचललेली नाहीत. तो भाग आहे इस्राएलाच्या ४० वर्षांच्या अरण्याचा, आणि येशू स्वतः अरण्यात ४० दिवस उपाशी. त्याला तो सगळा भाग आतून माहीत होता, म्हणून हव्या त्या वेळी हवं ते तोंडात आलं. पाठांतरासाठी काय घ्यावं याचं याच्याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

आणि हे वचनांचे नंबर, ते पौलाने टाकलेले नाहीत बरं का. अध्याय पाडले तेराव्या शतकाच्या सुरुवातीला, स्टीफन लँग्टन नावाच्या इंग्लंडच्या धर्मगुरूने, आणि नव्या करारात आज आहेत ते वचनांचे आकडे आले १५५१ मध्ये, रॉबेर एस्तिएन नावाच्या छापखानेवाल्याने टाकले. शोधायला सोपं पडतं म्हणून चांगलंच आहे ते, पण त्याआधी १४०० वर्षं लोक पत्र म्हणून पत्र ऐकत होते, गोष्ट म्हणून गोष्ट. पेरूच्या फोडी विकायला ठेवल्या म्हणून झाडाला फोडी लागत नाहीत.

दुसरी गोष्ट, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. रडण्याचा भाग पाठ करा. आपल्याकडे मयतीच्या घरी लोक जातात आणि दारातूनच रोमकरांस ८:२८ सुरू करतात, सर्व गोष्टी मिळून कल्याण. वचन खरं आहे, पण समोर पेटी ठेवलेली असताना ते त्या आईला कसं लागत असेल! त्या वेळी तोंडात दुसरं काही असायला हवं, आणि असायचं तर ते आधीच पाठ पाहिजे.

योहान ११:३५ सगळ्या पोरांना येतं, "येशू रडला", कारण स्पर्धेत दोन शब्दांत एक वचन खिशात. (हशा) पण आजूबाजूला काय घडतंय बघा. लाजर मेलाय, त्याची बहीण मार्था पुढे येऊन येशूला म्हणते, प्रभूजी, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने दुसरी बहीण मरीया येते, तीही तेच म्हणते, अगदी तेच. मार्थाला उत्तर मिळतं "पुनरुत्थान व जीवन मीच आहे". मरीयेला असं काही सांगितलेलं नाही, तिच्याबरोबर तो रडतो. तक्रार एकच, पण एकीशी बोलला आणि एकीशी नाही बोलला. हे १७ ते ४४ ज्याला पाठ आहे त्याला मयतीच्या घरी कधी बोलायचं आणि कधी नुसतं बसायचं ते कोणी वेगळं शिकवायला नको.

स्तोत्र १३ घ्या. सहा वचनं, पहिल्या दोनातच चार वेळा देवाला विचारलंय, कोठवर? हबक्कूक ३, १७ आणि १८ घ्या: अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. दुष्काळात छावणीला जनावरं नेलेल्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. आणि वधस्तंभावर येशूच्या तोंडी काय आलं? स्तोत्र २२ ची पहिली ओळ, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. आणि लूक सांगतो त्याप्रमाणे स्तोत्र ३१ मधलं, तुझ्या हाती मी आपला आत्मा सोपवतो. दोन्ही विलापाची स्तोत्रं. म्हणजे शेवटच्या घटकेला तीच वर आली.

बरं, अवघड जागा पण असतात. स्तोत्र १३९, आईच्या उदरात तू मला घडवलंस, हे आपण पोरांना शिकवतो आणि १९ ते २२ हळूच गाळून २३ वर उडी मारतो, कारण मध्ये शत्रूंचा द्वेष आहे. माझं म्हणणं, लहान पोरांना गाळा, चालेल, मोठ्यांनी गाळू नये. कारण त्या रागानंतरच स्तोत्र लिहिणारा म्हणतो ना, देवा, माझं अंतःकरण तपासून बघ. राग काढून टाकला तर तपासायचं काय?

बाकी बारीकसारीक गोष्टी. भाषांतर एकच धरा, चर्चमध्ये जे वाचलं जातं तेच, नाहीतर ॲपमध्ये रोज वेगळं उघडलं की अर्धी ओळ इकडची अर्धी तिकडची होते. गोष्टी लवकर पाठ होतात, लूक १५ मधला उधळ्या पुत्र २२ वचनांचा आहे पण स्तोत्र १ च्या सहा वचनांपेक्षा मुलांना तो सोपा जातो. स्तोत्र १३६ मध्ये २६ वचनं, पण प्रत्येकाचा शेवट एकच, निम्मं काम तिथेच झालं. आणि ११९ ला उत्साहाच्या भरात हात घालू नका, १७६ वचनं आहेत. घ्यायचंच तर आठ-आठचा एक गट घ्या, मूळ हिब्रूतच ते आठ-आठच्या २२ गटांत बांधलेलं आहे.

प्रश्न? ...हां, आजोबा विचारतायत की वय झाल्यावर नवीन काही डोक्यात राहत नाही, मग काय घ्यावं. आजोबा, नवीन घेऊच नका. स्तोत्र २३, १००, १२१ ही तुमची लहानपणीच अर्धी झालेली आहेत, तुम्ही सुरुवात कराल आणि मध्ये कुठेतरी अडकाल. जिथे अडकता तेवढीच ओळ घ्या. नातवाला समोर शास्त्र धरून बसवा, चुकलं की तो टोकेल, पोरांना मोठ्यांच्या चुका काढायला फार आवडतं.