वॉकअराउंड झूम निवडताना आधी छोटा आकडा बघा

एकच लेन्स लावून दिवसभर फिरायचं, पिशवीत दुसरी ठेवायचीच नाही, तर कोणती झूम घ्यायची? बहुतेक जण मोठा आकडा बघतात, २०० की ३००. आमचं सांगणं उलट आहे. आधी छोटा आकडा बघा. लेन्सवरचे हे आकडे म्हणजे फोकल लेंग्थ, मिलिमीटरमध्ये : छोट्या आकड्याला रुंद दृश्य दिसतं, मोठ्याला लांबचं जवळ येतं. १८, १६ की १५, इथेच निम्मा निकाल लागतो.

आज फक्त क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा छोटा सेन्सर असलेल्या डीएसएलआरबद्दल बोलूया. म्हणजे निकॉन डी५६००, डी७५००, कॅनन १५००डी, ८०डी असे कॅमेरे.

[किट लेन्स हातात घेऊन]

ही १८-५५, कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट लेन्स. निकॉनवर १८ ला साधारण ७६ अंश दिसतात, १६ ला ८३. सात अंश ऐकायला किरकोळ वाटतात. पण वाड्याच्या चौकात पाठ भिंतीला टेकली की मागे सरकायला जागा उरत नाही. तेव्हा या सात अंशांतच तुळशीवृंदावनासकट वरची माडी फ्रेममध्ये बसते. लांबच्या टोकाला तसं नाही. २०० ला जेवढं दिसतं, तेवढं १४० वर काढलेल्या फोटोतून कापून घेता येतं. २४ मेगापिक्सेलमधले जवळपास १२ उरतात आणि छापायला ते पुष्कळ झाले. रुंदीला जे फ्रेमबाहेर राहिलं, ते मात्र कशानेही परत मिळत नाही.

खरेदीआधी स्वतःचे शेवटचे २००-३०० फोटो कॉम्प्युटरवर उघडा. प्रत्येक फोटोच्या माहितीत फोकल लेंग्थ लिहिलेली असते. खूपसे फोटो १८ वर अडकलेले दिसले, तर तुम्हाला रुंदी कमी पडतेय. ५५ वर अडकले असतील, तर निकॉनची १८-१४० किंवा कॅननची १८-१३५ पुरेल.

रुंदी हवी असेल तर कॅननची १५-८५ आणि निकॉनची १६-८०. दिवसभर बाहेर भटकणाऱ्याला आम्ही याच सुचवू. वजन अनुक्रमे ५७५ आणि ४८० ग्रॅम. मात्र १६-८० चं ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं भोक, इलेक्ट्रॉनिक आहे, त्यामुळे डी९० सारख्या जुन्या बॉडीवर ते बंदच होत नाही, कायम उघडं राहतं. आणि फुल फ्रेमची (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरची) २४-१०५ नावाजलेली आहे म्हणून क्रॉपवर लावू नका. कॅननवर तिची रुंद बाजू ३८ मिलिमीटरसारखी दिसते, दिवाणखान्यातला ग्रुप फोटोही मावत नाही.

मग एफ २.८ ची १७-५० किंवा १७-५५ कुणी घ्यायची? ज्यांचे फोटो जास्त करून घरातले, संध्याकाळचे असतात त्यांनी. एफचा आकडा जितका छोटा, तितकं ॲपर्चर जास्त उघडं. किट लेन्स ५५ ला एफ ५.६ वर येते. २.८ म्हणजे त्याहून दोन स्टॉप, चौपट प्रकाश. घरच्या गणपतीच्या आरतीला जिथे १/३० सेकंदाचा शटर स्पीड मिळतो, तिथे १/१२५ मिळतो. व्हीआर, आयएस, ओएस (निकॉन, कॅनन, सिग्माच्या लेन्समधली स्थिरीकरणाची सोय) तुमच्या हाताची थरथर सावरतात, टाळ्या वाजवणारे हात थांबवत नाहीत. किंमत वजनात मोजायची : किट लेन्स सुमारे २०० ग्रॅम, कॅननची १७-५५ तब्बल ६४५.

[टॉर्च दाखवत]

वापरलेली लेन्स घेताना, मग ती मुंबईच्या बोरा बाजारात असो की ऑनलाइन, चार गोष्टी तपासा.

दोन्ही झाकणं काढा आणि मागून मोबाइलचा टॉर्च तिरका मारा. निकॉनच्या जी लेन्सची (ॲपर्चरची रिंग नसलेली, नावात G असलेली) मागची छोटी दांडी बोटाने सरकवली की ॲपर्चर उघडतं. धुळीचे चार कण चालतील. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, ती लेन्स नको.

मग एफ ११ लावून झूमच्या प्रत्येक टप्प्यावर एकेक फोटो काढा. पूर्ण उघड्या ॲपर्चरवर त्याची आतली पाती हलतच नाहीत, त्यामुळे झिजलेली केबल लपून राहते. ॲपर्चर इलेक्ट्रॉनिक असेल (कॅननच्या लेन्स, निकॉनची १६-८०), तर एफ ११ वर कॅमेरा एरर देतो.

वर्तमानपत्र भिंतीला चिकटवा. ट्रायपॉडवर कॅमेरा भिंतीला समांतर, रुंद टोक, ॲपर्चर पूर्ण उघडं, २ सेकंदांचा टायमर. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ आले तर ठीक. एकच कोपरा विरघळलेला दिसला, तर कॅमेरा तिरका नाही ना ते बघून पुन्हा काढा. तरीही तसाच आला, तर आतलं भिंग सरकलंय.

शेवटी तोच फोटो एकदा व्ह्यूफाइंडरमधून, एकदा लाइव्ह व्ह्यूमधून, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून काढा. लाइव्ह व्ह्यूचा स्पष्ट आणि दुसरा धूसर असेल, तर फोकस पुढे किंवा मागे पडतोय. डी७५०० आणि ८०डी मध्ये तो मेनूतून जुळवता येतो. डी५६०० आणि १५००डी मध्ये ती सोयच नाही, तेव्हा दुसरा नग मागा.

घरी आणल्यावर चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका, पावसाळ्यात चामडं ओल धरतं. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक घ्या. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहिला पाहिजे. जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा कोरडे करा.