हळदीचा डाग आणि द्राक्षाचा कागद

(सांगलीत द्राक्ष बागायतदार आणि रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

हळदीच्या पेठेत येऊन हळदीवर बोलणं धाडसाचंच. पण मी भावाबद्दल नाही, डागाबद्दल बोलणार आहे. रात्रभर रस्सा राहिलेला प्लास्टिकचा डबा कितीही घासा, पिवळेपणा हटत नाही. कारण डाग वर नसतोच. हळदीला पिवळा रंग देणारं कुरकुमीन पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेलात विरघळतं. आणि डब्याचं प्लास्टिक, पॉलिप्रॉपिलीन, तेलाच्याच भावकीतलं. त्यामुळं कुरकुमीन थेट डब्याच्या अंगात शिरतं. उन्हात ठेवल्यावर डाग फिका होतो, तेव्हाही ते बाहेर पडलेलं नसतं. उजेडानं रेणू मोडतो, रंग जातो, इतकंच.

आत यायला वाट आहे म्हणजे बाहेर जायलाही आहे. प्लास्टिक म्हणजे पॉलिमर, लांबलचक साखळ्यांसारख्या रेणूंचा गुंता. पण नुसतं पॉलिमर सहसा कुणी विकत नाही. उन्हापासून वाचवणारी, मऊ ठेवणारी, पिशव्या एकमेकींना चिकटू न देणारी द्रव्यं त्यात घातलेली असतात, आणि ती बहुतेक वेळा नुसती मिसळलेली असतात, साखळीला बांधलेली नसतात. साखळ्या वळवळतात, मध्ये फटी पडतात, त्यातून ती सरकतात. खच्चून भरलेल्या एसटीत माणसं अंग चोरतात तेव्हाच कंडक्टर पुढं सरकतो, तसं. पिशव्यांच्या पॉलिएथिलीनच्या साखळ्या गोठायला शून्याखाली शंभरेक अंशांपर्यंत उतरावं लागतं, म्हणजे आपल्या कडाक्याच्या थंडीतही त्या हलत्याच. पाण्याच्या बाटलीचं ‘पेट’ (PET) प्लास्टिक ७०-८० अंशांपर्यंत ताठ असतं, म्हणून त्यातून फार कमी सुटतं.

या सरकण्याचं गणित जर्मन शास्त्रज्ञ अडॉल्फ फिक यांनी १८५५ मध्ये मांडलं. त्यातून निघतं ते असं, की दुप्पट अंतर कापायला चौपट वेळ लागतो. द्राक्षबागेवर घालायच्या प्लास्टिकच्या आच्छादनाला आपण कागद म्हणतो. जाड कागद जास्त टिकतो त्यामागं हेही एक कारण आहे. पण दुकानात आपण ‘किती मायक्रॉन?’ म्हणजे जाडी किती, एवढंच विचारतो आणि गप्प बसतो. आत काय घातलंय, हे कोण विचारतं?

बागेवरच्या आच्छादनाचंच घ्या. त्यात ऊन सोसण्यासाठी बहुधा अमाइन जातीची, म्हणजे नायट्रोजन असलेली द्रव्यं असतात. उन्हानं साखळी तुटायला लागली की तयार होणारे मोकाट मूलक, म्हणजे दिसेल त्याला डसणारे रेणूंचे तुकडे, ती पकडतात, आणि पुन्हा कामाला लागतात. ऊन पृष्ठभागावर जास्त मार करतं. तिथलं द्रव्य खर्ची पडलं की आतून नवं यायला हवं. म्हणजे इथं सरकणं गुणाचं आहे! लहान रेणू चटकन पोचतो, पण तसाच निसटूनही जातो. २,००० च्या वर रेणुभार असलेला मोठा रेणू हळू चालतो, पण ठाण मांडतो. म्हणून जाणकार कारखानदार दोन्हींची सांगड घालतात. मांडवाच्या तापलेल्या तारेवर कागद आधी जातो, त्याला आपण घासण्याचा दोष देतो. तो आहेच, पण तिथली उष्णताही द्रव्याला पळवते आणि साखळीला जाळते.

खाण्याच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. वेष्टनातून अन्नात उतरणाऱ्या एकूण द्रव्यांवर आपल्याकडच्या २०१८ च्या नियमांत किलोमागे ६० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. पाण्यापेक्षा तेल जास्त ओढून घेतं, तेव्हा गरम फोडणी थेट डब्यात ओतू नये.

आता भुरी, म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग. भुरीसाठी आपण गंधक मारतो. फवारा कागदावरही बसतो, ऊन-हवेत त्यातून आम्लं तयार होतात. अमाइन ही मुळात अल्क, म्हणजे आम्लाच्या उलट स्वभावाची. दोघांचं मीठ झालं की कागदाचा राखणदारच निकामी! पत्र्याला गंज दिसतो, इथं कागद तडकेपर्यंत काही दिसत नाही. फवारणी थांबवा असं मी म्हणणार नाही, भुरीनं बाग गेली तर कागद घेऊन करायचं काय? पण हरितगृहाच्या फिल्मच्या हमीपत्रात पुष्कळदा गंधक आणि क्लोरीनची मर्यादा पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, अशी दिलेली असते. कागद घेताना तो आकडा लेखी मागा, आणि फवारणीची वही नीट ठेवा. हमीवरून वाद झाला, तर पहिला प्रश्न गंधकाचाच येतो.