अंगठ्याखालचं रीळ

(दृश्य : रेवदंडा. साळावच्या पुलाखाली कुंडलिकेची खाडी. पाणी ओसरतंय. खांबांना चिकटलेली कालवं. पलीकडे कोर्लईचा डोंगर.)

सुकती लागली की खांबांवरची कालवं उघडी पडतात आणि गरवणारे एकेक करून जमतात. बऱ्याच जणांच्या हातात आजही नुसती दोरी आणि गरी असते. शेजारी आता रॉडही दिसतात. त्यातल्या एखाद्यावर रीळ खाली लोंबत नसतं, दांड्याच्या वर बसलेलं असतं आणि माणसाचा अंगठा त्याच्यावर टेकलेला असतो.

हे बेटकास्टर.

नेहमीच्या स्पिनिंग रिळात ल्यूर, म्हणजे माशाला भुलवणारं नकली आमिष, फेकताना गुंडाळी जागची हलत नाही, दोरी तिच्या कडेवरून सुटत जाते. बेटकास्टरमध्ये गुंडाळीच फिरते, विहिरीच्या रहाटासारखी. ल्यूर दोरी ओढत नेतो, गुंडाळी गरागरा सुटते. मग समोरून वारा येतो, ल्यूर मंदावतो. गुंडाळी मात्र आपल्या तंद्रीत फिरतच असते. सुटलेल्या दोरीला जायला जागा उरत नाही आणि क्षणात रिळावर पाखराचं घरटं तयार.

(दृश्य : रिळावरचा गुंता. एक माणूस सुईने दोरीचे पदर उकलतोय. मागे कुणीतरी हसतंय.)

हे प्रत्येकाचं होतं. माझं पहिल्या दिवशी सात वेळा झालं. आठव्यांदा मी दोरी कापली आणि घरी गेलो.

मग इतका छळ सोसायचा कशाला? जिताड्यासाठी. रायगडात ज्याच्यासाठी पाहुण्याला थांबवून ठेवतात तोच हा मासा. ऑस्ट्रेलियात त्याला बारामुंडी म्हणतात. जन्मतो नर म्हणून आणि मोठा झाल्यावर मादी होतो. खाऱ्या पाण्यात राहतो, गोड्यातही चढतो. दबा धरून बसतो तो खारफुटीच्या मुळांत, नाहीतर पुलाच्या सावलीत. ल्यूर मुळांच्या वीतभर अलीकडे पडला तर उपयोग, मुळांत पडला तर गेला. बेटकास्टरवर अंगठा दाबला की ल्यूर हवेतच थांबतो. आणि मासा लागल्यावर तो मुळांकडे पळतो तेव्हा गुंडाळी दोरीच्या ओढीला सरळ समोर असते. स्पिनिंग रिळात दोरी काटकोनात वळून आत येते, त्या वळणात बळ जातं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. सात-आठ ग्रॅमचा हलका ल्यूर आणि तोंडावर पश्चिमेचा वारा असेल तर बेटकास्टर घरी ठेवा. त्या दिवशी स्पिनिंगच बरं. त्यात कमीपणा नाही.

(दृश्य : दुकानाची काच. आत ओळीने चकाकणारी रिळं.)

पहिलं रीळ मी वजन बघून घेतलं. दुकानदार म्हणाला, "हातात धरून बघा साहेब, पिसासारखं आहे." पीसच होतं, कारण सांगाडा मॅग्नेशियमचा होता. तळ्यावर उत्तम. खाडीवर दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत रंगाखाली फोड आले. एक नखाने टोकरला तर आतून पांढरी भुकटी निघाली. त्या दुकानदाराला दोष देत नाही. त्याने वजन सांगितलं ते खरंच होतं. कुठल्या पाण्यात नेणार, हे मीच सांगितलं नव्हतं.

मिठाच्या पाण्याला अॅनोडाइज केलेला, म्हणजे वर संरक्षक थर चढवलेला, अॅल्युमिनियमचा सांगाडा बरा. ग्रॅफाइटचा, म्हणजे एका परीने कडक प्लास्टिकचा, गंजत नाही. पण जोर आला की किंचित वाकतो, आणि आतल्या चाकांचे दाते मग एकमेकांत नीट बसत नाहीत. छोट्या माशांना चालेल.

खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं : दहा बेअरिंग, बारा बेअरिंग. हा आकडा मी आता वाचतच नाही. प्रत्येक बेअरिंग म्हणजे मिठाला शिरायला आणखी एक खोली. चार-पाच चांगली, झाकलेली बेअरिंग पुरतात. त्यापेक्षा ड्रॅगच्या, म्हणजे मासा ओढू लागला की दोरी ताणाखाली सुटू देणाऱ्या ब्रेकच्या, चकत्या कशाच्या आहेत ते विचारा. कार्बनच्या असतील तर ओढ एकसारखी राहते, तापल्यावर अडकत नाही.

मूठ डावीकडे हवी की उजवीकडे, हे घेण्याआधीच ठरवा. स्पिनिंग रिळाची मूठ काढून दुसऱ्या बाजूला लावता येते, बेटकास्टरची नाही.

आणि सर्वात महत्त्वाचं, दुकानातच बाजूचं झाकण उघडून बघा. पटकन उघडलं पाहिजे, गुंडाळी हातात आली पाहिजे. जे रीळ तुम्हाला घरी उघडता येणार नाही, ते खाडीवर नेऊ नका. कितीही किमतीचं असो.

(दृश्य : स्वीडनमधल्या कारखान्याचं जुनं छायाचित्र. त्यावर विरघळत येणारं आजचं गोल रीळ.)

थोडं मागे जाऊ. १९२१ साली स्वीडनमधल्या स्वँगस्टा गावात एक घड्याळांचा कारखाना निघाला. पुढे तिथे टॅक्सीचे मीटर बनू लागले. दुसरं महायुद्ध आलं, मीटर कोण घेणार? तेव्हा त्यांनी तीच बारीक दात्यांची विद्या माशांच्या रिळाला लावली. १९५२ मध्ये अँबॅसडर नावाचं त्यांचं लाल रीळ आलं आणि जगभर गेलं. गंमत म्हणजे त्याच १९२१ मध्ये जपानच्या साकाई शहरात शिमानोंनी लोखंडकामाचा कारखाना काढला. पहिला माल सायकलचं फ्रीव्हील, म्हणजे एकाच बाजूला पकडणारं चाक. आज त्यांची रिळं सगळ्या किनाऱ्यांवर आहेत, आणि मूठ उलटी फिरू न देणारा भाग हा त्या फ्रीव्हीलचाच भाऊबंद. घड्याळ आणि सायकल. रीळ हे त्यांच्याच कुळातलं यंत्र आहे, म्हणून तेही तेलपाणी मागतं.

(दृश्य : पुन्हा खाडी. अंगठा, गुंडाळी, बाजूची छोटी चकती.)

फेकण्याआधी दोन ब्रेक लावायचे. बाजूची छोटी चकती अशी आवळा की सोडलेला ल्यूर सावकाश खाली आला पाहिजे, आणि तो जमिनीला टेकला की गुंडाळीही थांबली पाहिजे. आतला ब्रेक चुंबकाचा असो वा फिरताना बाहेर फेकल्या जाणाऱ्या ठोकळ्यांचा, सुरुवातीला पूर्ण ठेवा. रोज एकेक घर कमी करा. अंगठा शिकतो. गिरणीवाल्याचा हात पीठ चाचपत असतो ना, तसा तो दोरीवर हलका ठेवायचा.

ड्रॅग अंदाजाने लावू नका. दोरी ३० पौंडांची, म्हणजे तेवढ्या ओढीला तुटणारी, असेल तर साडेतीन-चार किलोच्या ओढीला ती सुटली पाहिजे. भाजीवाल्याकडचा ताणकाटा दोरीच्या टोकाला अडकवा आणि ओढून बघा. जिताड्याच्या कल्ल्यांच्या झाकणाची कड ब्लेडसारखी असते, तेव्हा पुढचा हातभर तुकडा जाड दोरीचाच हवा.

(दृश्य : रात्र. घराची मागची पडवी. नळ. साठ वॅटच्या पिवळ्या उजेडात रीळ.)

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. ते रिळावर वाळतं, आणि वाळलं म्हणून संपत नाही. पावसाळ्यात बरणीतलं मीठ जसं पाझरतं तसंच हेही हवेतलं पाणी ओढून पुन्हा ओलं होतं. रीळ कपाटात असतं आणि आत गंजणं चालूच. त्यात सांगाडा अॅल्युमिनियमचा, स्क्रू स्टीलचा. दोन धातू आणि मधे मिठाचं पाणी म्हणजे चक्क एक बारीक बॅटरी. खायला जातं ते अॅल्युमिनियम. स्क्रू चकाकतो आणि त्याचं भोक पोखरलेलं असतं.

म्हणून आल्या आल्या, जेवणाच्या आधी : ड्रॅग घट्ट करा, म्हणजे चकत्यांत पाणी शिरणार नाही. नळ बारीक सोडा आणि रीळ अर्धा मिनिट हलक्या धारेखाली धरा. बादलीत बुडवायचं नाही. गाडी धुवायच्या पाइपने तर मुळीच नाही, त्या जोराने बाहेरचं मीठ आत जातं. झटका, फडक्याने पुसा. मग ड्रॅग सैल करा, नाहीतर चकत्या दाबून बसतात. झाकण उघडून सावलीत ठेवा. ब्रेड, म्हणजे बारीक धाग्यांची विणलेली दोरी, पाणी धरून ठेवते, तेव्हा गुंडाळी काढून तेवढीच गोड्या पाण्यात भिजवा.

(दृश्य : कडा असलेलं स्टीलचं ताट. त्यात पांढरं फडकं, त्यावर रिळाचे सुटे भाग क्रमाने मांडलेले.)

हंगामात दोनदा पूर्ण उघडायचं. ताट कडांचं हवं. मुठीजवळची एक स्प्रिंग अशी उडते की ती सापडते ती थेट दिवाळीच्या साफसफाईत. प्रत्येक भाग काढला की मोबाइलवर फोटो.

हे बघा. पितळी मोठ्या चाकाच्या दात्यांत हिरवट थर. आजीच्या भाषेत कळंक. कल्हई गेलेल्या पातेल्यात ताक ठेवलं की कळकायचं, तेच. जुन्या दातघासणीच्या ब्रशने घासून काढायचं, पुसायचं आणि दात्यांना ग्रीस. बेअरिंगला तेलाचा एकच थेंब. शिवणयंत्राचं तेल चालतं. खोबरेल नको. आमच्याकडे अनेक जण घालतात, पण थंडीत ते थिजतं आणि मग पहाटेच्या वाऱ्यात ल्यूर पंधरा फुटांवर पडतो. उलटं फिरू न देणाऱ्या त्या सिलिंडरला ग्रीस अजिबात लावू नका. त्यातले रूळ घसरायला लागतात आणि ऐन झटक्याला मूठ मागे येते.

स्क्रू परत लावताना टोकाला ग्रीसचं बोट. पुढच्या वेळी तो निघेल.

(दृश्य : रीळ जुळलंय. मूठ फिरते. दोरी दोन्हीकडे सारणारा छोटा मार्गदर्शक डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे.)

आवाज ऐका. खरखर असेल तर बेअरिंगमध्ये अजून मीठ आहे, पुन्हा धुवा. नसेल तर हा असा, कागदावरून कागद सरकावा तसा.

बाहेर भरतीचं पाणी चढायला लागलंय. उद्या पहाटेच्या सुकतीला खांब परत उघडे पडतील. सुटी स्प्रिंग एक जास्तीची घेऊन ठेवलीय, ती पाकिटात टाकायची राहिली.