लिफ्ट चालते, पण थांबते का?

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या इमारतीतील लिफ्टची तपासणी झाली का, असे कुणी विचारले की बहुतेक जण सांगतात, "आमची लिफ्ट अगदी व्यवस्थित चालते." वडोदऱ्यातील सोसायट्यांच्या बैठकांत हे उत्तर मी पुष्कळदा ऐकले आहे आणि प्रत्येक वेळी ते मला अस्वस्थ करते. लिफ्ट चालते का, हा तपासणीचा प्रश्न नसतोच. जिथे आणि ज्या क्षणी थांबायला हवे, तिथे आणि त्याच क्षणी ती थांबते का, हा खरा प्रश्न असतो. आज मला हेच सांगायचे आहे, आणि ते मुख्यतः इमारतींच्या मालकांना आणि सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. आपल्या गुजरात राज्यात लिफ्ट आणि एस्केलेटर यांच्यासाठी २००० सालचा स्वतंत्र अधिनियम आहे. त्यानुसार लिफ्ट बसवण्याआधी परवानगी आणि ती वापरात आणण्याआधी परवाना घ्यावा लागतो, आणि लिफ्ट तपासण्याचा अधिकार शासनाच्या निरीक्षकाला असतो. देखभालीचा वार्षिक करार कुठल्याही कंपनीशी केलेला असला, तरी परवाना मालकाच्या नावावर असतो आणि जबाबदारीही मालकाचीच राहते. हे पुन्हा सांगतो, कारण इथेच गफलत होते: करार कंपनीशी असला, तरी जबाबदारी मालकाची. आपल्या इमारतीचा परवाना कुठे आहे, त्यावर काय लिहिले आहे, हे किती सभासद सांगू शकतील? महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. अशा शहरात शिकलेली माणसे स्वतःच्या जिवाशी संबंधित कागद न वाचता फाईलमध्ये लावून ठेवतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता जी घटना सांगण्यासाठी मी मुद्दाम इथे आलो आहे, ती सांगतो.

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीच्या पुराने काय केले, हे वडोदऱ्याच्या श्रोत्यांना सांगायला नको. आमची इमारत पाच मजल्यांची आणि जुनी. लिफ्टची दारे हाताने ओढून उघडायची. तळमजल्यावर गुडघाभर पाणी आले आणि लिफ्टच्या तळाशी असलेला खड्डा, ज्याला सगळे पिट म्हणतात, तुडुंब भरला. पाणी ओसरल्यावर आम्ही पंप लावून पिट उपसला, मेकॅनिकने येऊन लिफ्ट सुरू केली. परंतु ती चालता चालता मध्येच थांबू लागली. एकदा दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांमध्ये एक गृहस्थ वीस मिनिटे अडकून पडले. ७ सप्टेंबरला गणपती बसणार होते. आमचा गणपती खाली पार्किंगमध्ये बसतो, आणि चौथ्या मजल्यावरील एका आजींच्या गुडघ्यांवर नुकतीच शस्त्रक्रिया झाली होती. आरतीला खाली यायचेच, असा त्यांचा हट्ट होता. सोसायटीचा सचिव या नात्याने मी मेकॅनिकला फोन केला आणि म्हणालो, "हे बघा, उद्या गणपती बसतात. काय करायचे ते करा, पण लिफ्ट चालू करून द्या." माझे हे वाक्य मी जसेच्या तसे सांगतो आहे, कारण पुढचे सगळे त्यातून घडले.

तो संध्याकाळी आला, गच्चीवरील मशीन रूममध्ये अर्धा तास होता आणि खाली येऊन म्हणाला, "झालं काका, आता अडणार नाही." आणि लिफ्ट खरोखरच अडली नाही. दहा दिवस आरत्या झाल्या, प्रसादाची पातेली लिफ्टमधून खाली-वर गेली, आजी रोज दोन्ही वेळा आरतीला आल्या आणि अनंत चतुर्दशीला विसर्जनही पार पडले. त्या मेकॅनिक मुलाचे मी सर्वांसमोर कौतुक केले.

पुढच्या आठवड्यात निरीक्षक आले. मध्यम वयाचे, फारसे न बोलणारे गुजराती गृहस्थ होते ते. मी चहाचे विचारले, तर "पछी, काका," म्हणजे नंतर, एवढेच म्हणाले. मला वाटले होते की ते लिफ्टमध्ये बसतील, वर जातील, खाली येतील आणि सही करतील. त्यांनी लिफ्टमध्ये पाऊलही ठेवले नाही. केबिन तळमजल्यावर उभी ठेवायला सांगून ते जिन्याने निघाले आणि प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या बंद दाराची मूठ धरून ती जोराने ओढून पाहू लागले. पहिल्या मजल्यावर दार हलले नाही. दुसऱ्यावर हलले नाही. तिसऱ्या मजल्यावर ते उघडले.

श्रोतेहो, दार उघडले आणि समोर केबिन नव्हती. समोर काळोख होता, त्यात तेलकट दोर लोंबत होते आणि खालून पुरातल्या चिखलाचा कुबट वास येत होता. निरीक्षकांनी एक हात माझ्या छातीसमोर आडवा धरला आणि मला मागे सारले. त्याच मजल्यावर समोरच्या घरात चार वर्षांची एक मुलगी राहते. आजोबा बूट घालेपर्यंत लिफ्टचे दार आपणच उघडायचे, हा तिचा रोजचा खेळ. ते आजोबा आमच्या मागेच उभे होते. ते एक शब्दही बोलले नाहीत, फक्त घरात गेले आणि त्यांनी आतून कडी लावून घेतली.

तपासणी अजून संपली नव्हती. दार तसेच उघडे ठेवून निरीक्षकांनी खालच्या वॉचमनला बटण दाबायला सांगितले. कुठल्याही मजल्यावरचे दार उघडे असताना लिफ्ट जागची हलताच कामा नये. आमची हलली. उघड्या दारासमोरून केबिन वर सरकत गेली आणि आम्ही ती पाहत उभे राहिलो.

मग ते मशीन रूममध्ये गेले, त्यांनी कंट्रोलरचे, म्हणजे लिफ्टचे नियंत्रण करणाऱ्या विजेच्या पेटीचे, झाकण उघडले आणि बोटाने वीतभर लांबीची एक पिवळी वायर दाखवली. प्रत्येक मजल्यावरच्या दारात एक विजेचा संपर्क असतो आणि हे सगळे संपर्क दिवाळीच्या दिव्यांच्या माळेसारखे एकाच ओळीत जोडलेले असतात. एक दिवा गेला की माळ विझते, तसे एक दार उघडे राहिले की लिफ्ट थांबते. पुराच्या पाण्याने तळमजल्यावरचा संपर्क गंजला होता, म्हणून लिफ्ट मध्येच थांबत होती. म्हणजे ती बिघडली नव्हती, ती आपले काम करत होती. दोष शोधायला वेळ नव्हता, म्हणून मेकॅनिकने ती पिवळी वायर टाकून सगळी माळच वळसा घालून जोडली. दारे उघडी आहेत की मिटलेली, हे लिफ्टला कळण्याचा मार्गच बंद झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या कुलपाचा खटका बहुधा त्याआधीपासूनच झिजलेला होता. म्हणजे कुलूप आणि संपर्क या दोन पहारेकऱ्यांपैकी एक थकलेला होता, दुसऱ्याला आम्ही स्वतः घरी पाठवले होते.

निरीक्षकांनी मुख्य स्विच बंद करवला आणि जिना उतरताना मला म्हणाले, "काका, लिफ्ट तो बराबर चाले छे. ए ज तो बीक छे." लिफ्ट बरोबर चालते आहे, तीच तर भीती आहे. त्या तरुण मेकॅनिकला मी दोष देत नाही. त्याच्याकडे कितीतरी इमारती होत्या आणि मी जे मागितले, ते त्याने दिले. आमची लिफ्ट नऊ दिवस बंद राहिली. आजी नऊ दिवस घरातून बाहेर पडल्या नाहीत आणि त्यांनी एकदाही तक्रार केली नाही.

लिफ्टच्या दोराची आपल्याला फार भीती वाटते. वास्तविक दोर एकाहून अधिक असतात, आणि दोर तुटला तरी लिफ्ट अडवून धरणारी यंत्रणा बनवणाऱ्या एलिशा ओटिस यांनी १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात स्वतः उंच फलाटावर उभे राहून दोर कापायला लावला होता, फलाट जागच्या जागी अडकला होता. आजही केबिनचा वेग प्रमाणाबाहेर वाढला की गव्हर्नर नावाचा भाग तो ओळखतो आणि केबिनखालचे जबडे रुळांना पकडतात. जास्त लक्ष द्यायचे ते दारांकडे आणि ब्रेककडे. ब्रेक निकामी झाला तर रिकामी लिफ्ट खाली पडत नाही, वर जाते. कारण दोराच्या पलीकडच्या टोकाला तोल राखण्यासाठी टांगलेल्या काउंटरवेटचे वजन केबिनचे वजन अधिक तिच्या क्षमतेच्या साधारण निम्मे, असे धरलेले असते. म्हणूनच केबिनमध्ये हौसेने ग्रॅनाइटची फरशी आणि मोठे आरसे बसवणाऱ्या सोसायट्यांना माझे सांगणे आहे की, हे वजन हिशेबात न धरता काही बसवू नका. सहा माणसांच्या लिफ्टची क्षमता म्हणजे माणशी ६८ किलो धरून ४०८ किलो. सजावटीवर लाखभर रुपये सहज खर्च होतात आणि दाराचे कुलूप बदलायचे म्हटले की तीन कंपन्यांची दरपत्रके मागवली जातात, हे मला पटत नाही.

तपासणीच्या दिवशी मालकाने स्वतः हजर राहावे. प्रत्येक मजल्याचे दार ओढून पाहायला सांगावे, कंट्रोलर उघडून कुठे जादा वायर नाही ना, हे दाखवायला सांगावे, मुख्य वीज बंद करून आतली घंटा आणि दिवा चालतो का, ते पाहावे. पुन्हा सांगतो: दारे, कंट्रोलर, घंटा. आणि कुणी मजल्यांच्या मध्ये अडकले तर दार उचकटून त्याला ओढून काढू नये. केबिनच्या खाली उघडी फट राहते आणि माणूस तिच्यातून खाली जातो. आतल्या माणसाशी बोलत राहावे, धीर द्यावा आणि हे काम शिकलेल्या माणसाची वाट पाहावी.

ज्यांच्या व्यापारी संकुलात एस्केलेटर आहे, त्यांनी वर आणि खाली असलेले लाल बटण रोज सकाळी दुकाने उघडण्यापूर्वी दाबून पाहावे. पायऱ्या जिथे आत शिरतात तिथल्या कंगव्यासारख्या पट्टीचे दात तुटलेले नसावेत, कडेचे ब्रश शाबूत असावेत आणि हाताचा पट्टा पायऱ्यांच्याच वेगाने फिरावा. चीनमधील जिंगझौ येथे २०१५ च्या जुलैमध्ये एस्केलेटरच्या वरच्या टोकाची पायाखालची पट्टी निसटली आणि मुलाला पुढे ढकलून वाचवणारी आई आत ओढली गेली. दुरुस्तीनंतर झाकणाचे स्क्रू घट्ट बसले आहेत का, हे पाहिल्याशिवाय एस्केलेटर सुरू करू देऊ नये.

शेवटी आपल्या शहरापुरते सांगतो. पावसाळ्यात विश्वामित्रीची पातळी वाढू लागल्याची बातमी आली की केबिन वरच्या मजल्यावर नेऊन उभी करावी, ती रिकामी असल्याची खात्री करावी आणि मुख्य स्विच बंद करावा. पाणी ओसरल्यावर पिट उपसून कोरडा होऊ द्यावा. गव्हर्नरच्या दोराला ताण देणारे चाक, केबिनला ठरलेल्या हद्दीपलीकडे जाऊ न देणारे खालचे लिमिट स्विच आणि तळमजल्याच्या दाराचा संपर्क हे सगळे पाण्यात बुडालेले असते; ते तपासून, लागल्यास बदलून, तसे लॉगबुकमध्ये लिहून घेतल्यावरच स्विच चालू करावा. तोपर्यंत कुणाला आरतीला खाली यायचे असेल, तर दोन धडधाकट तरुणांनी खुर्ची उचलावी. नंतरच्या वर्षी आमच्या आजी तशाच आल्या.

नमस्कार.