पक्षी भरतीला, किडे उन्हाला

नमस्कार मंडळी. मला सांगितलंय की स्लाइड्स दाखवा, पण लॅपटॉपने ऐनवेळी मान टाकलीय, त्यामुळे आज नुसतंच बोलणार आहे, चालवून घ्या.

डिसेंबर-जानेवारीत आपण सगळेच कोकणात पळतो. अलिबाग, अक्षी, नागाव, मुरुड. अक्षीला काहीजण तो जुना मराठी शिलालेख बघायला जातात, मी मात्र पक्ष्यांसाठी जातो. पहिल्यांदा गेलो तेव्हा काय झालं सांगतो. दुर्बीण गळ्यात, भाचा बरोबर, मस्त नाश्ता करून नऊ वाजता किनाऱ्यावर हजर. आणि पाणी कुठे? पार लांब! त्या कडेला बारीक ठिपके हलतायत, भाचा म्हणतो, मामा हे तर मुंगळेच दिसतायत. त्याचं काही चुकलं नव्हतं.

त्या दिवशी चतुर्थी होती. आता किनाऱ्यावरच्या लोकांचा हिशोब ऐका, एकदम सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची की पूर्ण भरतीची वेळ येते. चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता भरती, आणि साधारण सहा तासांनी, नऊला, ओहोटी. पौर्णिमेनंतर परत प्रतिपदेपासून मोजायचं. मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण पक्षी बघायला पुरतं. ओहोटीला चिखल्या, तुतवार, कोरल असे किनाऱ्यावरचे पक्षी सगळे लांबवर पसरून खात असतात, भरती चढायला लागली की पाणीच त्यांना ढकलत ढकलत आपल्याकडे आणतं. आपण फक्त गप्प बसायचं. म्हणून मी आता कॅलेंडरात द्वादशी ते पौर्णिमा किंवा अमावस्या बघतो, म्हणजे भरती नऊ ते सव्वाअकराच्या आसपास येते, आणि सात-साडेसातलाच जाऊन बसतो, ऊन मागे, पाणी पुढे.

आणि मग सँडरलिंग बघा. पांढुरका, मुठीएवढा पक्षी, लाट मागे सरली की तिच्यामागे धावतो, चोचीने टकटक करतो, पुढची लाट आली की परत उलटा पळतो, पाय इतके भरभर की चाकं लावल्यासारखी वाटतात. बहुतेक पक्ष्यांना मागे एक बोट असतं, याला ते नाहीच. आणि हा आर्क्टिकमधून आलेला असतो हो, आपल्याला मांडव्याच्या बोटीचा पाऊण-एक तास जड जातो! त्या बोटीमागे जे कुरव, म्हणजे सीगल, येतात ना, त्यातले तपकिरी डोक्याचे लडाख-तिबेटकडच्या उंचावरच्या तलावांवर अंडी घालतात. थंडीत डोकं पांढरं होतं, कानामागे फक्त एक गडद ठिपका राहतो, त्यामुळे नाव वाचून शोधायला गेलात तर फसाल. आणि प्लीज, त्यांना वेफर्स फेकू नका, मला फार राग येतो.

बरं, भरती सोयीची नसेल तर काय? तर किडे. किड्यांना भरतीशी घेणंदेणं नाही, त्यांना ऊन लागतं, दहाच्या आधी फुलपाखरंसुद्धा पंख पसरून नुसती शेकत बसतात. त्या चतुर्थीला आम्ही वैतागून सुरूच्या बनात शिरलो, तर एका ओट्याच्या आडोशाला कोरड्या मातीत नरसाळ्यासारखे बारके खड्डे, रुपयाच्या नाण्याएवढे. भाच्याला म्हटलं, बस इथे. पाचेक मिनिटांत एक मुंगी काठावरून घसरली, वर चढायला लागली, आणि खालून मातीचा फवारा उडाला! परत चढली, परत फवारा. तळाशी अँटलायनची अळी असते, डोक्याने माती उडवते, मुंगी खाली आली की चिमट्यासारख्या जबड्यात. मोठी झाली की हीच पंख फुटून चतुरासारखी दिसते, पण चतुर नव्हे.

खरा चतुर म्हटला तर तो पिवळसर, ऑक्टोबर-नोव्हेंबरला थव्याने दिसणारा, पँटाला. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन नावाच्या जीवशास्त्रज्ञाला प्रश्न पडला की इथे गोडं पाणी उघड्यावर जवळजवळ नाहीच, मग दरवर्षी इतके चतुर येतात कुठून, आणि २००९ साली त्याने मांडलं की हे भारताकडून समुद्रावरून आफ्रिकेकडे चाललेत, वाऱ्याच्या मदतीने. साडेचार-पाच सेंटिमीटरचा किडा!

भाच्याचं विचाराल तर पुढच्या वर्षी त्याने दुर्बीण घेतलीच नाही. काडी आणि भिंग घेऊन आला, मला म्हणाला, मामा तू जा तुझ्या भरतीला.