पायऱ्यांच्या वर, पायऱ्यांच्या खाली

(दृश्य: पहाटेची वेळ आहे. त्रिनिता देई मोंती चर्चच्या दारापासून कॅमेरा दगडी पायऱ्यांवरून सावकाश खाली उतरतो.)

रोम शहरातला हा भव्य दगडी जिना जगभर स्पॅनिश पायऱ्या या नावाने ओळखला जातो. खालच्या चौकात स्पेनचा दूतावास होता, म्हणून पायऱ्यांना स्पेनचे नाव मिळाले. बांधकामासाठी लागलेला पैसा मात्र एका फ्रेंच मुत्सद्द्याने मृत्युपत्राने ठेवलेला होता. 1720 च्या दशकात हा जिना उभा राहिला. त्याच्या वरच्या टोकाला व्हिया सिस्तिना हा रस्ता लागतो आणि खालच्या चौकातून व्हिया कोंदोत्ती सुरू होतो. धडधाकट माणूस दोन मिनिटांत हे अंतर उतरून जातो. आज आपण दागिने घडवणाऱ्या ज्या बुल्गारी घराण्याची हकिगत पाहणार आहोत, त्याला वरून खाली यायला दहा वर्षे लागली आणि खालच्या रस्त्यावरची कायमची जागा मिळवायला आणखी अकरा.

(दृश्य: पिंडस पर्वतरांगेतील दगडी घरांचे गाव दिसते.)

ही हकिगत रोममध्ये सुरू होत नाही. आजच्या वायव्य ग्रीसमध्ये, पिंडस पर्वताच्या कड्यावर कालारितेस नावाचे गाव आहे. तिथले लोक व्लाख, म्हणजे लॅटिनपासून निघालेली एक बोली बोलणारे डोंगरी लोक. शेतीला जमीन नव्हती. त्यामुळे गावाने दोन गोष्टींत नाव काढले, एक व्यापार आणि दुसरी चांदीकाम. 1821 मध्ये ग्रीकांनी ऑटोमन सत्तेविरुद्ध उठाव केला, त्यात हे गाव सामील झाले आणि त्याची किंमत म्हणून ते उद्ध्वस्त करण्यात आले. कारागीर हत्यारांसह वाट फुटेल तिकडे पांगले. त्याच वर्षी, फेब्रुवारी महिन्यात, इंग्रज कवी जॉन कीट्स या रोमच्या पायऱ्यांना लागून असलेल्या घरात क्षयाने वारला. दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण पुढे या पायऱ्यांभोवती इंग्रज प्रवाशांची जी वर्दळ झाली, तिच्यावरच कालारितेसच्या एका घराण्याचे पोट चालायचे होते.

त्या घराण्याचे मूळ नाव वुल्गारिस. सोतिरिओस वुल्गारिस यांचा जन्म 1857 मध्ये एपिरस प्रांतातल्या पारामिथिया या गावी झाला. वडील चांदीकार होते आणि मुलगाही त्यांच्याच हाताखाली तयार झाला. ग्रीक भाषेत वुल्गारिस या आडनावाचा सरळ अर्थ 'बल्गेरियन' असा होतो. म्हणजे बोलीने व्लाख, धर्माने आणि संस्काराने ग्रीक, कागदोपत्री ऑटोमन सुलतानाची प्रजा आणि आडनावाने बल्गेरियन असा हा तरुण होता. त्याच्या नावाची पाटी पुढे इटालियन अभिरुचीची खूण मानली जाणार होती, हे त्या वेळी कोणी सांगितले असते तर ती थट्टाच वाटली असती.

सोतिरिओस आधी कॉर्फू बेटावर गेले, तिथून नेपल्सला आणि 1881 मध्ये रोमला पोहोचले. रोमची निवड ही केवळ नशिबाची गोष्ट नव्हती. 1871 पासून रोम एकसंध इटलीची राजधानी झाले होते, शहरात बांधकामे जोरात सुरू होती आणि थंडीच्या दिवसांत युरोपातले व अमेरिकेतले सधन प्रवासी तिथे मुक्कामाला येत होते. या प्रवाशांना रोमची आठवण म्हणून घरी नेण्याजोगी, हाताने केलेली आणि थोडी निराळी दिसणारी वस्तू हवी असे. सोतिरिओस यांच्याकडे नेमकी तीच होती: एपिरसच्या धाटणीची चांदीची बक्कले, कंबरपट्टे आणि नक्षीची भांडी. सुरुवातीला दुकान नव्हते. पायऱ्यांच्या वर, पिंचो टेकडीच्या वाटेवर ते उघड्यावर माल मांडत. मग व्हिया सिस्तिनावरच्या एका ग्रीक व्यापाऱ्याने आपल्या दुकानाच्या खिडकीचा एक भाग त्यांना माल ठेवायला दिला. परक्या शहरात पहिला आधार बहुतेकदा आपल्याच भाषेचा माणूस देतो, तसेच हे झाले. 1884 मध्ये त्याच रस्त्यावर सोतिरिओस यांनी स्वतःचे दुकान उघडले आणि आज बुल्गारी ही कंपनी तेच आपले स्थापनेचे वर्ष मानते.

(दृश्य: चांदीच्या रुंद बक्कलावरील नक्षी अगदी जवळून दिसते.)

दहा वर्षांनी, 1894 मध्ये, ते पायऱ्यांच्या खाली व्हिया कोंदोत्तीवर आले आणि 1905 मध्ये त्याच रस्त्यावरची 10 क्रमांकाची जागा त्यांनी घेतली. हे दुकान आजही तिथेच आहे. 1905 मध्ये त्यावर लावलेली पाटी मात्र इंग्रजीत होती आणि तिच्यावरचे नाव होते 'ओल्ड क्युरिऑसिटी शॉप', म्हणजे चार्ल्स डिकन्सच्या कादंबरीचे नाव. इटलीच्या राजधानीत एक ग्रीक चांदीकार इंग्रजी कादंबरीचे नाव दुकानाला देतो, यात त्यांचे गिऱ्हाईक कोण होते हे पुरेपूर कळते. नाव बदलण्याचा कमीपणा त्यांनी कधी मानला नाही. स्वतः ते एव्हाना सोतिरिओस वुल्गारिसचे इटालियन वळणाने सोतिरिओ बुल्गारी झालेच होते. गिऱ्हाईक जिकडे जाईल तिकडे दुकान न्यायचे, हा त्यांचा दुसरा नेम होता. श्रीमंत प्रवासी हवापालटासाठी जिथे जात, त्या सेंट मॉरिट्झ आणि सान रेमोसारख्या गावांत त्यांनी शाखा काढल्या.

अशा घराण्यांची कहाणी सांगताना 'वडिलांकडून मुलाकडे आलेली कला' असे म्हणण्याचा मोह होतो. या घराण्याच्या बाबतीत ते फारसे खरे नाही. वडिलांची चांदी मुलांनी पुढे चालवली नाही. कोस्तान्तिनो आणि जॉर्जो या दोन मुलांनी रत्ने आणि मौल्यवान दागिन्यांकडे मोर्चा वळवला. 1920 च्या दशकात दागिन्यांची राजधानी पॅरिस होती, आणि प्लॅटिनमच्या पातळ कोंदणात हिरे बसवून केलेली काटेकोर भौमितिक नक्षी हीच उंची मानली जात होती. बुल्गारींच्या दुकानातही तसाच माल दिसू लागला. त्या काळातले त्यांचे दागिने सफाईदार आहेत. पण ते पॅरिसच्या एखाद्या पेढीचे म्हणून दाखवले तर पाहणाऱ्याला शंका येणार नाही. परक्या ठिकाणी आलेल्या घराण्याची दुसरी पिढी पुष्कळदा असेच करते. पहिली पिढी आपले निराळेपण विकते आणि दुसरी पिढी ते झाकते.

सोतिरिओ 1932 मध्ये वारले. दोनच वर्षांनी मुलांनी दुकान वाढवून नव्याने सजवले आणि दारावर नवे नाव आले. प्राचीन रोमन शिलालेखांत 'यू' आणि 'व्ही' या उच्चारांना एकच अक्षर असे. त्या पद्धतीने बुल्गारी या नावातल्या 'यू'च्या जागी 'व्ही' कोरण्यात आला. एपिरसमधून आलेल्या घराण्याने पन्नास वर्षांत स्वतःला सम्राटांच्या काळातल्या रोमशी नेऊन जोडले. याला कोणी धीटपणा म्हणेल, कोणी धंद्याची अक्कल म्हणेल. दोन्ही बरोबर आहे.

(दृश्य: पडदा क्षणभर काळा होतो. मग रोमच्या ज्यू वस्तीतली अरुंद गल्ली दिसते.)

इथे दुकानाबाहेरची एक घटना सांगणे आवश्यक आहे. 16 ऑक्टोबर 1943 रोजी जर्मन सैन्याने रोमच्या ज्यू वस्तीवर धाड घालून हजारावर लोकांना पकडून नेले. कोस्तान्तिनो आणि त्यांच्या पत्नी लाउरा यांनी त्या काळात तीन ज्यू स्त्रियांना आपल्या घरात लपवून ठेवले. पकडले गेले असते तर शिक्षा काय होती, हे तेव्हा रोममध्ये सर्वांना ठाऊक होते. 2003 मध्ये इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने या दांपत्याची नोंद ज्यूंचे प्राण वाचवणाऱ्या सत्शील व्यक्तींमध्ये केली.

हेच कोस्तान्तिनो पुढे आयुष्यातली कित्येक वर्षे एका वेगळ्याच कामात गढून गेले. इटलीतल्या जुन्या सोनार-चांदीकारांची नावे, त्यांचे काळ आणि मालावर उमटवलेले त्यांचे शिक्के त्यांनी एकत्र केले आणि 1958 पासून ते खंडाखंडाने प्रसिद्ध केले. आजही जुनी इटालियन चांदी पारखणारे लोक या नोंदींचा आधार घेतात. स्थलांतरित चांदीकाराच्या मुलाने यजमान देशाच्या चांदीकारांची वंशावळ लिहून काढली, ही गोष्ट या घराण्याच्या कुठल्याही हारापेक्षा अधिक लक्षात राहण्यासारखी आहे, असे आम्हाला वाटते.

(दृश्य: कारागिराची बोटे सोन्याची पट्टी लाकडी दांड्याभोवती गुंडाळत आहेत.)

घराण्याची स्वतःची म्हणावी अशी घडण दुसऱ्या महायुद्धानंतर दिसू लागली. तिची सर्वांत ओळखीची खूण म्हणजे तुबोगास. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ गॅसची नळी असा होतो आणि दागिना दिसतोही तसाच, लवचीक, वळ्यावळ्यांचा. उठावदार कडा असलेल्या सोन्याच्या लांब पट्ट्या तांब्याच्या किंवा लाकडाच्या दांड्याभोवती घट्ट गुंडाळत जायचे. एका पट्टीची कड दुसरीच्या कडेत अशी अडकते की कुठेही झाळ द्यावी लागत नाही. शेवटी आतला दांडा काढून घेतात किंवा आम्लात विरघळवून टाकतात आणि हातात उरते ती मनगटाभोवती सापासारखी वळणारी पोकळ सोन्याची नळी. गुंडाळताना ताण कमी पडला तर नळी सैल पडते आणि जास्त झाला तर ती वाकत नाही. हा अंदाज कारागिराच्या बोटांनाच असावा लागतो. 1948 मध्ये अशा नळीच्या टोकाला घड्याळ बसवून सर्पाकृती मनगटी घड्याळ तयार झाले. हे दागिने घडवणारे हात बुल्गारी घराण्यातले नव्हते. ते रोमच्या कार्यशाळांतल्या कारागिरांचे होते, आणि दागिन्यावर त्यांचे नाव येत नाही.

रंगांच्या बाबतीतही पॅरिसची शिस्त सुटली. हिरा, माणिक, नीलम आणि पाचू यांनाच मान आणि बाकी सारी उपरत्ने, ही उतरंड बुल्गारींनी मोडली. पाचूशेजारी जांभळा अमेथिस्ट आणि त्याला लागून आकाशी फिरोजा अशी रंगसंगती पॅरिसच्या जवाहिऱ्याला भडक वाटली असती. खड्याला पैलू न पाडता तो घुमटासारखा गुळगुळीत ठेवण्याची जुनी रीतही त्यांनी मोठ्या प्रमाणावर वापरली. पैलूंमुळे प्रकाश तुटून चमकतो. घुमटाकार खड्यात नजर आत उतरते आणि रंगावर ठरते. प्लॅटिनमच्या जागी पिवळे सोने परत आले, आणि 1960 च्या दशकात प्राचीन ग्रीक व रोमन नाणीही कोंदणात बसली. म्हणजे ज्या भूमध्य सागरी मुळांना दुसऱ्या पिढीने आधी झाकले होते, तीच पुढे तिचे आणि तिसऱ्या पिढीचे भांडवल झाली.

गिऱ्हाईकही त्याच सुमारास दाराशी चालून आले. रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत तेव्हा अमेरिकी चित्रपट तयार होत होते. 'क्लिओपात्रा'च्या चित्रीकरणासाठी आलेल्या अभिनेत्री एलिझाबेथ टेलर व्हिया कोंदोत्तीवरच्या दुकानात वारंवार येत, आणि त्यांचे सहकलाकार रिचर्ड बर्टन यांनी त्यांना तिथले पाचूंचे दागिने घेऊन दिले. एलिझाबेथला इटालियन भाषेतला 'बुल्गारी' हा एकच शब्द येतो, अशी बर्टन यांची कोटी प्रसिद्ध आहे. कोटी झकास आहे. फक्त ते नाव मुळात इटालियन नाही. टेलर यांच्या चाळिसाव्या वाढदिवसाला, 1972 मध्ये, बर्टन यांनी दिलेल्या लांब हाराच्या मधोमध 52.72 कॅरटचा घुमटाकार नीलम होता.

नावाला आलेले वजन घराण्यालाही सोसावे लागले. 1970 च्या दशकात इटलीत खंडणीसाठी श्रीमंतांना पळवून नेण्याचे सत्र चालू होते, आणि 1975 मध्ये जॉर्जो यांचे थोरले पुत्र जान्नी बुल्गारी यांचे अपहरण झाले. खंडणी दिल्यावर ते सुटून आले. न्यूयॉर्क, जिनिव्हा, पॅरिस अशी दुकाने निघाली ती याच तिसऱ्या पिढीच्या काळात. मात्र जान्नी, पाओलो आणि निकोला या तीन भावांचे एकमत फार काळ टिकले नाही. 1980 च्या दशकात जान्नी यांनी आपला हिस्सा भावांना विकला आणि ते बाहेर पडले. कारभार आला तो 1984 मध्ये भाचा फ्रान्चेस्को त्रापानी यांच्याकडे, जे तेव्हा तिशीच्याही आत होते.

त्रापानी यांच्या हातात चांदीकाराची हातोडी कधी नव्हती. त्यांचे साधन ताळेबंद होते. अत्तरे आली, हॉटेले आली, आणि 1995 मध्ये कंपनी मिलानच्या शेअर बाजारात गेली. मार्च 2011 मध्ये घराण्याने आपला निम्म्याहून थोडा अधिक हिस्सा एलव्हीएमएच या फ्रेंच समूहाला दिला आणि मोबदल्यात त्या समूहाचे शेअर घेतले. या व्यवहारात कंपनीची किंमत सुमारे 3.7 अब्ज युरो धरली होती. पॅरिसच्या सावलीतून बाहेर पडून नाव मिळवलेले दुकान अखेर पॅरिसच्याच मालकीचे झाले. याला हार म्हणावे का? हिशेबाने पाहिले तर मुळीच नाही.

(दृश्य: स्वच्छ केलेल्या पायऱ्यांवर उन्हाचा पहिला पट्टा पडतो. पोलिसांची शिट्टी ऐकू येते.)

2014 मध्ये कंपनीच्या स्थापनेला 130 वर्षे झाली, तेव्हा स्पॅनिश पायऱ्यांच्या दुरुस्तीसाठी कंपनीने 15 लाख युरो देण्याचे जाहीर केले. सप्टेंबर 2016 मध्ये पायऱ्या पुन्हा लोकांसाठी खुल्या झाल्या, तेव्हा संस्थापकांचे नातू पाओलो बुल्गारी यांनी एक सूचना केली. लोक तिथे बसून खातात, पितात आणि घाण करतात. तेव्हा रात्रीच्या वेळी पायऱ्यांना पारदर्शक अडथळा लावावा, असे त्यांचे म्हणणे होते. शहरात त्यावर बरीच टीका झाली आणि तो अडथळा काही उभा राहिला नाही. 2019 पासून मात्र या पायऱ्यांवर बसायला बंदी आहे, आणि बसणाऱ्याला दंड होतो. वरच्या अंगाला, पिंचोकडे जाणाऱ्या वाटेवर, फेरीवाले अजूनही खेळणी आणि माळा मांडतात आणि पोलीस दिसले की माल गोळा करतात.